खोडलेले सेहेचाळीस

ते दोन अंक मला अजून दिसतात. चार आधी, सहा नंतर. चाराची गाठ मोठी, सहा जरा कलंडलेला. २०१५चा पावसाळा होता. नाणे मावळातल्या आमच्या दोन शिक्षकी शाळेत पायाभूत चाचणी चालली होती. बाहेर भात पोटरीला आलेलं. वीज गेलेली, त्यामुळे मुलं दाराच्या उजेडाकडे सरकून बसलेली. मी संख्या तोंडी सांगायचो, मुलं अंकांत लिहायची. मी म्हणालो, ‘चौसष्ट.’ तिसरीतल्या एका मुलीने लिहिलं, ४६.

पेपर गोळा झाले, मुलं खिचडीला गेली. मी तिचा पेपर घेतला, ४६ पुसलं आणि ६४ केलं. नुसतं केलं नाही. माझं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सहा तिच्यासारखा कलता काढला, पेन्सिल तिच्याएवढीच दाबली. आणखी चौघांच्या पेपरांतही त्या दुपारी माझा हात फिरला. पण ते पेपर मला आठवत नाहीत, हा आठवतो.

हे कर म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच वर्षी २२ जूनला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला होता. त्यातली चाचणीमागची कल्पना मला तेव्हा पटली होती, आजही पटते. भाषेत आणि गणितात मूल कुठे अडलंय ते आधी पाहायचं, मागे राहिलेल्यांना वेगळा वेळ द्यायचा, मग संकलित चाचणीत पुन्हा पाहायचं. पेपर मुलाचा होता, मी तो माझा समजलो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत सगळ्यांसमोर आपल्या शाळेचा आकडा खाली दिसेल, या धास्तीने मी ते केलं.

नंतर बरीच वर्षं मी स्वतःला कारणं देत आलो. दोन शिक्षक आणि चार इयत्ता. मतदारयाद्यांचं काम. तांदळाचा हिशेब. ऑनलाइन भरायची माहिती. यातलं काहीही खोटं नाही. पण त्या दुपारी माझ्या हातात मतदारयादी नव्हती, खोडरबर होता.

दुरुस्त केलेल्या गुणांवरूनच मी मागे राहिलेल्या मुलांची यादी केली. रोज दुपारी पाऊण तास त्यांना घेऊन बसायचो, मनापासून शिकवायचो. तिचं नाव यादीत नव्हतं. कागदावर तिला संख्या येत होत्या. ती व्हरांड्यात बसून फळ्यावरचं उतरवून काढायची. दिवाळी झाली आणि तिची कातकरी वस्ती दरवर्षीप्रमाणे वीटभट्टीवर गेली. तिच्या हाताशी जेमतेम दोन महिने होते, आणि ते मी तिला दिले नाहीत. पाऊस तोंडावर आल्यावर ती परतली, तेव्हा चौथीत गेली होती. पुढे पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. तिथे तिचं काय झालं, याची मी चौकशीही केली नाही.

याहून जास्त बोचतं ते घरचं. मी लोणावळ्यात राहतो, कामशेतपर्यंत लोकलने जातो आणि पुढे मोटारसायकलने. माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता, इंग्रजी माध्यमात. आजी ‘चौसष्ट’ म्हणाली की तो अडायचा, उलटं लिहायचा. मी जेवण बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसायचो. साठ आणि वर चार, असं राजमा मांडून दाखवायचो. म्हणजे मुलं इथे का घसरतात हे मला ठाऊक होतं. पण माझ्या मुलाचं घसरणं मला अडचण वाटलं आणि तिचं घसरणं चूक वाटलं. सकाळची लोकल पकडणारा माणूस एकच होता.

या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या २०१९च्या जूनमध्ये. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसबरोबर ‘वीस सात’ असंही वाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. मराठीचा गळा घोटला म्हणणाऱ्यांत मीही होतो. डॉ. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या. त्यांचं म्हणणं मुलांच्या बाजूचं होतं. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. कानडीत ‘अरवत्तनाल्कु’ म्हणजे साठ-चार, जसं बोलायचं तसंच लिहायचं. त्यांचा खुलासा मी लोकलमध्ये उभ्यानेच वाचला. मळवली मागे पडली आणि मला तो पेपर आठवला. चौ म्हणजे चार, मग सष्ट. तिने मी उच्चारलं तसं, त्याच क्रमाने, कान देऊन लिहिलं होतं. ती कुठे अडली होती ते त्या दोन अंकांत अगदी स्पष्ट होतं, आणि मी नेमकं तेच पुसलं होतं.

मुलांना खरोखर काय येतं ते तपासणारी ‘असर’ची पाहणी २००५पासून होते. तिचे स्वयंसेवक शाळेत बसून परीक्षा घेत नाहीत. गावात घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावतात, हातच्याची वजाबाकी देतात. ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८मध्ये २७.३ टक्के होती आणि २०२२मध्ये २०.५. मधल्या काळात शाळा बंद होत्या, हे खरंच. पण हे आकडे आले की बाकीच्या मुलांपैकी किती जण शाळेच्या कागदावर वाचणारी असतील, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही. कागदावरच येणाऱ्या अशा पाच मुलांचा हिशेब मला देता येतो.

आता नियतकालिक मूल्यांकन चाचणी होते. परवाच्या पेपरात एका मुलाने सत्तावीसचे ७२ लिहिले. माझी नजर आधी खोडरबराकडे गेली, हे मी लपवत नाही. मग त्याला जवळ बोलावून विचारलं, ‘हे कसं लिहिलंस, सांग बरं.’

तो म्हणाला, ‘सर, तुमी आदी सात म्हनलात. मंग वीस.’

एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं. पेपरवर मी शून्य दिलं आणि तो फाइलमध्ये लावला. कपाटातल्या कारवीच्या काड्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने दहा-दहाचे दोन गठ्ठे बांधले, सात काड्या सुट्या ठेवल्या. पाटीवर आधी दोन लिहिला आणि पेन्सिल तशीच धरून माझ्याकडे पाहिलं.