‘जवळच तर आहे’

मुलीला पुढे शिकवावे की नाही, असे आमच्या समाजात आता फारसे कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढेच, की कॉलेज किती लांब आहे? इल्मासाठी चीनला जावे लागले तरी जा, हे वचन जलशात हमखास ऐकू येते. (हदीसचे अनेक अभ्यासक ते कमकुवत मानतात, ही गोष्ट वेगळी.) चीनचे नाव ऐकून माना डोलावणारे बुजुर्ग पुण्याचे नाव काढले की गप्प होतात. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे अंतर आता पाठ झाले आहे.

कन्हेरीची आमची एक विद्यार्थिनी. दहावी चांगल्या गुणांनी झाली आणि घरी बसली. मग सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी दिली, तीही उर्दूतूनच. पुढे काय? बारामतीत कॉलेजची वाण नाही. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय तर 1962 पासून आहे. पण रोज एसटीने जायचे, मुलांच्या बरोबर वर्गात बसायचे, हे तिच्या अब्बांना पटेना. माणूस वाईट नव्हे. कांद्याचा टेम्पो चालवतात, मुलीच्या वह्यापुस्तकांना कधी नाही म्हटले नाही. आम्ही दोघेतिघे त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. मग मुक्त विद्यापीठाचा विषय काढला. “रविवारी तेवढे बारामतीच्या अभ्यासकेंद्रावर जायचे भाई, बाकी पुस्तके घरीच वाचायची. जवळच तर आहे. घरातले काही बदलणार नाही.”

“मग हरकत काय?” ते म्हणाले. रविवारी टेम्पोनेच सोडीन, असेही म्हणाले.

त्या शेवटच्या वाक्याचा आम्हाला त्या दिवशी अभिमानच वाटला होता. काम झाले होते ना!

जवळचे, स्वस्त, कोणालाही दार उघडे असणारे कॉलेज ही कल्पना काही लहान नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी 1901 मध्ये अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर असे एक कॉलेज सुरू झाले. पुढे 1947 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा संस्थांसाठी ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले. त्याच साली इकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी शिवाजी कॉलेज काढले. ‘कमवा आणि शिका’ म्हणत हातात कुदळ घेऊन पोरे पदवीधर झाली. आणि 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन. यांपैकी कोणीही असे म्हटले नव्हते की गंगा घरात येईल, पण जमीन ओली होणार नाही. ते आम्ही म्हटले.

तिचे पहिले वर्ष भाषेशी झगडण्यात गेले. बोलण्याची मराठी तिला गावातल्या कोणाही इतकी येत होती. पण शाळेत ‘जम्हूरियत’ शिकलेल्या मुलीला ‘लोकशाही’ वाचून ‘सार्वभौमत्व’पर्यंत पोहोचायचे होते. तिने एक वही केली. उजवीकडून उर्दू, डावीकडून मराठी : मुसावात आणि समता, आईन आणि संविधान. दोन्ही भाषा पानाच्या मध्यावर एकमेकींना भेटत. ती वही आम्ही मागून घेतली आहे, आमच्या वर्गात उपयोगी पडते.

रविवारच्या वर्गात तिच्या शेजारी एमआयडीसीतली रात्रपाळी करून आलेला कामगार असे, पुढच्या बाकावर दोन मुलांची आई. चाळिशीतली ती बाई मास्तरांना बिनधास्त प्रश्न विचारी. आमची विद्यार्थिनी आधी नुसती ऐकत होती, मग तिनेही विचारायला सुरुवात केली. सवय लागली की ती रविवारपुरती राहत नाही. दुसऱ्या वर्षी रिश्ता आला तेव्हा ती म्हणाली, परीक्षा झाल्यावर बघू, आणि आधी मी मुलाशी बोलेन.

तिचे अब्बा शाळेत आले. आवाज चढला नव्हता. एवढेच म्हणाले, “सर, तुम्ही बोलला होता, काही बदलणार नाही.”

आम्ही काय सांगणार? बी.एड.च्या पेपरात ‘शिक्षण म्हणजे वर्तनात इष्ट बदल’ ही व्याख्या लिहून आम्ही गुण मिळवले आहेत. तेच आम्ही त्या माणसाच्या घरी चहा पिऊन नेमके उलटे सांगून आलो होतो. आमचे एक सहकारी म्हणतात, दार उघडण्यापुरते खोटे माफ असते. खरे बोललो असतो तर पोरगी आजही घरीच असती. या युक्तिवादाला आमच्याकडे सरळ उत्तर नाही. ती घरीच राहिली असती, हे बहुतेक खरे आहे.

पण तिचे म्हणणे आम्हाला जास्त लागले. “तुम्ही माझ्यासाठी खोटे बोललात. आता मी घरात काही बोलले की अब्बांना तो दगा वाटतो. मी दगा कुठे केला?” सोय आम्ही पाहिली आणि किंमत तिने भरली. शिवाय शिकणे ही लपवून करायची गोष्ट आहे, हा सबकही तिला आमच्याकडूनच मिळाला. बापाला न समजणारा माणूस धरून आम्ही त्याच्याशी बोललो, हेही त्यात आलेच. ते न रागावता शाळेपर्यंत आले, यावरून तरी आम्हाला कळायला हवे होते की त्यांना समजावता आले असते. कदाचित. वेळ लागला असता.

ती बी.ए. झाली. मुलाशी बोलली, नाही म्हणाली. दुसऱ्या एकाला हो म्हणाली. आता तिची धाकटी बहीण दहावी झाली आहे आणि तिला बाहेरून नाही, बारामतीला रोज जाऊन अकरावी करायची आहे. अब्बांनी आम्हाला पुन्हा बोलावले. चहा आला, पण तसाच राहिला.

“हिच्यात पण बदल होणार?” त्यांनी विचारले.

“होणार, भाई.”

“किती?”

आम्हाला माहीत नाही, असे आम्ही सांगितले. टेम्पोची किल्ली बोटात फिरवीत ते बराच वेळ बसून राहिले. दोन दिवसांनी सांगतो म्हणाले. फॉर्मची शेवटची तारीख सोमवारी आहे.