श्वास आणि मात्रा

नुकतेंच जन्मलेलें मूल निळें पडलें आहे आणि प्राणवायूची नळी हाताशीं आहे. अशा वेळीं मात्रेचा विचार करणारास आपण निर्दय म्हणूं. तहानलेल्यास पाणी का मोजून द्यावयाचें? परंतु ज्या अर्भकाच्या हृदयाची घडणच सदोष आहे, त्याच्या बाबतींत हा सरळ दिसणारा धर्म फसतो.

गर्भाचीं फुप्फुसें निजलेलीं असतात. बहुतेक रक्त डक्टस नांवाच्या वाटेनें त्यांस टाळून जातें. जन्मानंतर प्राणवायु लाभतांच ही वाट आकसूं लागते. निरोगी बालकास तें हिताचेंच. पण ज्याच्या हृदयाचा डावा भाग खुरटलेला आहे, त्याच्या शरीरास रक्त पोंचतें तें याच वाटेनें. त्याला वारेमाप प्राणवायु दिला तर रक्ताचा लोंढा फुप्फुसांकडे वळतो आणि मूत्रपिंडें, आंतडीं उपाशी राहतात. म्हणून जाणता डॉक्टर रक्तांतील प्राणवायूच्या शेंकडा ७५ ते ८५ या प्रमाणावरच समाधान मानतो. (निरोगी मुलाचाही हा आंकडा नव्वदीच्या घरांत जावयास दहाएक मिनिटें लागतात, हें दाराशीं ताटकळणाऱ्या आजीबाईंस कोणी सांगत नाहीं.) १९७० नंतरच्या दशकांत प्रॉस्टाग्लँडिन हें औषध आलें. तें वाट उघडी ठेवतें, पण कांहीं बालकांचा श्वासच थांबवितें; मग यंत्रानें श्वास द्यावा लागतो.

२००८ सालीं मुंबईच्या उपनगरांपलीकडील भाईंदरच्या एका दांपत्यानें, गर्भास हृदयदोष आहे म्हणून, विसाव्या आठवड्यानंतर गर्भपाताची परवानगी मागितली. मुंबई उच्च न्यायालयानें ती नाकारली. कायदा बदलला तो २०२१ सालीं. त्या वेळच्या वादांत दोन प्रश्नांची गल्लत झाली, असें मला वाटतें. असें मूल जन्मावें कीं नाहीं, हा एक. जन्मलेल्यास आपण काय देणें लागतों, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर कांहींही असो, त्यानें दुसरें ऋण फिटत नाहीं. ‘तें जगणारच नव्हतें’ म्हणून हात आखडणारा आणि घाबरून नळी पुरती सोडणारा, दोघेही समोरच्या मुलाकडे पाहत नाहींत.

आणि त्या आईचें काय? आपलें मूल निळसर असतां परिचारिका प्राणवायु कमी करते, हें तिनें कोणत्या विश्वासावर पाहावें? तो विश्वास प्रसूतीच्या खोलींत ऐन वेळीं उपजत नाहीं. अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या तपासणींत दोष दिसला तर तो तिला समजेल अशा मराठींत तेव्हांच सांगितला पाहिजे, आणि बाळंतपण कोठें व्हावें हेंही तेव्हांच ठरलें पाहिजे. अंधेरीस लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणारें रुग्णालय आहे. बोरिवलीच्या लहानशा प्रसूतिगृहांतून तेथवरचा रस्ता सायंकाळच्या गर्दींत किती लांबतो, हें उपनगरवासीयांस सांगावयास नको. तो रस्ता मुलानें आईच्या पोटांत असतांनाच ओलांडलेला बरा.