बदल ही बेइमानी आहे काय?



कळमनुरी, सेनगाव किंवा वसमत तालुक्यातील एखाद्या खेड्यात दहा-बारा घरांची लूथरन मंडळी आहे असे आपण मनात आणू. मंदिर लहान आहे. गीते थोडीच आहेत, परंतु ती सर्वांस पाठ आहेत. कोणी कोठे बसावे हेही ठरून गेलेले आहे. अशा मंडळीच्या सभेत एखादा तरुण उठतो आणि म्हणतो की, उपासनेच्या रीतीत काही पालट करावा, भगिनींस कमिटीवर घ्यावे, आणि वस्तीबाहेरचे जे लोक वचन ऐकू इच्छितात त्यांस आपल्यात बोलवावे. त्यावर एक वृद्ध बंधू उत्तर देतात, "आमच्या वाडवडिलांनी पाणवठा तुटला तरी सोसले, आणि ही मंडळी राखली. ती आता तुम्ही बदलणार काय?"

वृद्ध बंधूंचे हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्याच्या पोटी एक खरा नैतिक प्रश्न आहे. ज्यांनी दुःख सोसून आपल्या हाती ठेव दिली, त्यांच्याशी इमान राखणे म्हणजे ती ठेव होती तशीच ठेवणे काय? की ती वाढविणे हेच इमान? ह्या प्रश्नाचा विचार केल्यावाचून "बदल करा, बदल करा" असे म्हणत सुटणे हा उतावीळपणा होय, आणि "बदल नको" एवढेच म्हणत बसणे हा आळस होय.

प्रथम हे पाहू की, बदल होऊनही वस्तू तीच राहू शकते काय. ह्याचे उत्तर आपल्या प्रांताच्या इतिहासातच आहे. हिंगोली तालुक्यातील एखादे आजोबा १९४० साली जन्मले असतील, तर ते निजामाच्या राज्यात जन्मले. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य संपले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून निघून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. इतक्या काळात कचेरी बदलली, कचेरीची भाषा बदलली, कागदावरचा शिक्का बदलला. परंतु आजोबांचे घर तेच, शेत तेच, आणि कयाधूचे पाणी त्याच उताराने वाहत राहिले. त्या शेतात त्यांच्या वडिलांनी ज्वारी व कापूस घेतला. आज नातू सोयाबीन व हळद घेतो. म्हणून त्याने बापाचे शेत टाकले असे कोणी म्हणत नाही. शेत पडीक ठेवले असते तरच लोकांनी नावे ठेवली असती.

तर मग मंडळीचे शेत कोणते आणि पीक कोणते, हे ओळखणे हाच ह्या विषयाचा गाभा आहे. येथे आपल्या लूथरन पूर्वजांनी आपणांस अंधारात ठेवलेले नाही. १५३० साली ऑग्सबर्ग येथे जो विश्वासाचा कबुलीजबाब वाचण्यात आला, त्याच्या सातव्या कलमाचा आशय असा की, मंडळीच्या ऐक्यास शुभवर्तमानाची शुद्ध शिकवण आणि संस्कारांचे यथायोग्य पालन एवढे पुरे आहे. मनुष्यांनी घालून दिलेल्या रीती व विधी सर्वत्र एकसारखे असण्याची आवश्यकता नाही. ह्यावरून मर्यादा स्पष्ट होते. पापाची क्षमा ख्रिस्ताच्या कृपेने मिळते, हे आपले शेत. बाप्तिस्मा व प्रभुभोजन ही त्या शेताची विहीर. परंतु उपासना सकाळी व्हावी की सायंकाळी, गीत कोणत्या चालीवर म्हणावे, कमिटीवर कोण असावे, ही सर्व पिके होत. ती ऋतू पाहून बदलता येतात.

पुष्कळदा असे होते की, ज्यास आपण वाडवडिलांची रीत म्हणतो ती त्यांच्या काळी नवीनच होती. १७०६ साली झीगेनबाल्ग व प्लुट्शाउ हे दोघे लूथरन मिशनरी त्रांकेबार येथे उतरले. तेथील लोकांस जर्मन शिकवून मग सुवार्ता सांगू असे त्यांनी म्हटले नाही. झीगेनबाल्ग स्वतः तमिळ शिकला, आणि १७१५ साली त्या भाषेतील नवा करार छापून निघाला. स्वतः लूथरनेही १५२२ साली नवा करार जर्मन भाषेत दिला, आणि १५२६ साली जर्मन भाषेतील उपासनापद्धती छापली. त्यापूर्वी हजार वर्षे उपासना लॅटिनमध्ये चालत आली होती. लूथरचे नाव घेऊन जो बदलास सरसकट नको म्हणतो, त्याने हे ध्यानात आणावे.

महाराष्ट्रातील उदाहरण तर आपल्या ओठांवरच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्या काळी मराठी मंडळ्यांत पुष्कळ गीते परदेशी चालींवर म्हटली जात. टिळकांनी अभंग व भजन ह्यांच्या वळणाने ख्रिस्ताचे स्तवन लिहिले. आज उपासना संगीतातील त्यांची गीते आपणांस इतकी आपली वाटतात की, ती एके काळी नवी होती हे कोणास आठवतही नाही. आपल्या नातवंडांस जुनी वाटणारी काही चांगली रीत आज कोणी तरी सुरू केलीच पाहिजे.

आता दुसरा प्रश्न असा की, बदल योग्य असला तरी तो कसा करावा? येथे तरुण बंधूंनी कान द्यावा. लूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून असता, विटेनबर्ग येथे कार्लश्टाट व इतरांनी घाईने सुधारणा आरंभिल्या. त्यांतील काही सुधारणा लूथरच्या मतास धरूनच होत्या. परंतु लोकांची मने तयार नसता त्या लादल्या गेल्या, मूर्ती फोडण्यात आल्या, आणि गावात गोंधळ माजला. १५२२ च्या मार्चमध्ये लूथर परत आला व त्याने ओळीने आठ दिवस उपदेश केला. त्याचे सांगणे थोडक्यात असे की, जे योग्य आहे तेही प्रीतीवाचून केले तर अयोग्य होते. वचन सांगावे, समजावावे, आणि दुर्बळ भावासाठी थांबावे. जुलमाने विश्वास उत्पन्न होत नाही. त्यानंतर तो चार वर्षे थांबला, आणि मग जर्मन उपासनापद्धती छापली. तथापि हेही पाहावे की, तो थांबला तरी विसरला नाही. थांबणे आणि टाळणे ह्यांत अंतर आहे. जो थांबतो तो दर आठवड्यास शिकवीत असतो. जो टाळतो तो विषयच काढीत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र ह्या बाबतीत मननीय आहे. पतीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळ्याओवळ्याचा संस्कार त्यांच्या हाडीमाशी खिळलेला होता. त्यांनी दुःख भोगले, विचार केला, पाहिले, पारखले, आणि १९०० साली आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांनी अपुरे ठेवलेले "ख्रिस्तायन" त्यांनीच पूर्ण केले. जो बदल माणूस आपल्या पायांनी चालत येऊन स्वीकारतो, तो त्याच्याकडून कोणी हिरावू शकत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे, आणि तो टाळून ह्या विषयावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वाढ म्हणजे काय? केवळ हजेरीच्या वहीत नावे वाढणे नव्हे. आपल्या बहुतेक खेड्यांतील मंडळ्या एकेका वस्तीच्या, एकेका जातीच्या, किंबहुना एकेका भाऊबंदकीच्या आहेत. ह्यात आपल्या वडिलांचा दोष नाही. सुवार्ता आप्तांतून आप्तांत पसरली. परंतु ज्या दिवशी दुसऱ्या वस्तीचा मनुष्य दाराशी येतो आणि त्यास पाहून आपण सतरंजीवर सरकून जागा देत नाही, त्या दिवशी भाऊबंदकी ही मंडळी राहत नाही. तंजावर व त्रांकेबार येथील जुन्या मंडळ्यांत जातवार निराळे बसण्याचा प्रघात पुष्कळ काळ चालला. तोही "वडिलांची रीत" म्हणूनच राखला गेला. म्हणजे रीत जुनी आहे एवढ्याने ती पवित्र ठरत नाही. जी रीत प्रभूच्या मेजाशी भिंत उभी करते, ती आपल्या आजोबांनी घातलेली असो की परदेशी मिशनरींनी चालू दिलेली असो, मोडलीच पाहिजे. येथे दुर्बळ भावासाठी थांबा हा नियमही लागत नाही. कारण येथे दुर्बळ भाऊ तोच आहे जो दाराबाहेर उभा आहे.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढून पाहावा. यरुशलेमची मंडळी वाढली आणि त्याबरोबर तक्रारही आली की, ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते. बारा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांस गप्प बसविले नाही, किंवा "पूर्वी असे नव्हते" असेही म्हटले नाही. त्यांनी सात जण निवडविले, आणि त्या सातांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली होती त्यांच्याच भाषेच्या लोकांहाती वाटणी दिली गेली. नव्यांस नुसते बसू देणे ही अर्धी वाढ. त्यांच्या हाती किल्ली देणे ही पुरी वाढ. आपल्या भगिनींविषयीही हाच न्याय लावावा. मंदिर झाडणे, पाणी भरणे व पाहुण्यांच्या भाकरी थापणे हे ज्यांचे काम समजले जाते, त्यांस वर्गणीचा हिशेब विचारण्याचा अधिकार का नसावा?

कोणी म्हणेल, "आम्ही थोडे, तरुण पुण्यास व हैदराबादेस गेले, काही घरे ऊसतोडीस जातात, तेव्हा मंदिरास कुलूपच लागते. आमच्याने काय होणार?" त्यांस रांचीचे उदाहरण सांगावेसे वाटते. गॉस्नर मिशनचे लोक १८४५ साली रांची येथे आले. पहिला बाप्तिस्मा होण्यास १८५० साल उजाडले. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनरींस सरकारने देशाबाहेर घालविले, आणि छोटानागपुरातील गरीब आदिवासी मंडळ्या एकाएकी पोरक्या झाल्या. आता त्या मोडणार असे पुष्कळांस वाटले. परंतु १० जुलै १९१९ रोजी त्या मंडळीने आपण स्वतंत्र आहोत, आपला कारभार आपण चालवू, असे ठरविले, आणि ती आजही उभी आहे. परक्याचा आधार गेला तेव्हाच तिला आपले पाय सापडले.

आपल्या जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यात गोरोबा कुंभारांनी सर्वांच्या मस्तकांवर थापटणे मारून पाहिले व नामदेवांस कच्चे मडके ठरविले. नामदेव तेव्हा नावाजलेले भक्त होते. तरी पुढे ते औंढ्यास विसोबा खेचरांकडे शिकावयास गेले, असे सांगतात. त्यांच्या मताशी आपले मत न जुळो. परंतु नाव झाल्यावरही पुन्हा शिकावयास बसण्याची ही नम्रता आपण घ्यावी. आपण तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती आहोत, आपले भाजून झाले, असे ज्या मंडळीस वाटते तिची वाढ तेथेच थांबते.

म्हणून उपदेशक बंधूंस विनंती ही की, येत्या वर्षी आपापल्या मंडळीत तीन गोष्टी आरंभाव्या. पहिली, वृद्धांस विचारून मंडळीचा इतिहास लिहून काढावा, म्हणजे खरी ठेव कोणती व नुसती सवय कोणती हे समजेल. दुसरी, महिन्यातून एक उपासना तरुणांच्या व भगिनींच्या हाती द्यावी, आणि ती झाल्यावर वृद्धांनी दोष काढण्यापूर्वी आशीर्वाद द्यावा. तिसरी, प्रत्येक घराने आपल्या नात्याबाहेरच्या एका घराशी जेवणाखाण्याचा संबंध जोडावा. ह्यास पैसा लागत नाही, मिशनची परवानगीही लागत नाही.

हळदीचे बेणे ज्याने जपून ठेवले त्याचे आपण कौतुक करतो. कारण बेणे नसते तर पीकच नसते. परंतु लागवडीचे दिवस निघून गेले तरी जो ते घरातच ठेवतो, त्याच्या हाती सुरकुतलेले गड्डे उरतात. वाडवडिलांनी छळ सोसला तो बेणे राखण्यासाठी. त्यांच्याशी इमान राखावयाचे तर ते मातीत घातले पाहिजे, पाणी घातले पाहिजे, आणि वाढ देणारा देव आहे ह्या भरवशाने वाट पाहिली पाहिजे. तो प्रभू आपणां सर्वांस शहाणपण व धैर्य देवो.