भार कुणावर टाकायचा?

स्वारगेटला एसटीतून उतरून गुरुवार पेठेकडे चालू लागलं की थोड्याच वेळात पंचहौद मिशनचं उंच घंटाघर दिसतं. 1885 मध्ये उभ्या राहिलेल्या या चर्चला पुणं ओळखतं ते मुख्यतः चहामुळे. 1890 मध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळींनी इथे चहा घेतला, त्यांची नावं छापून आली आणि शहरात ग्रामण्य पेटलं. हा किस्सा पुन्हापुन्हा सांगितला जातो. त्याआधी काही वर्षं याच मिशनशी जोडलेल्या माणसांत घडलेला दुसरा संवाद मात्र मागे पडला, आणि तो चहापेक्षा कितीतरी महत्त्वाचा होता.

1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या तेव्हा त्या अवघ्या चोवीस वर्षांच्या होत्या. पती बिपिनबिहारी नुकतेच गेलेले, कडेवर मनोरमा. इथे त्यांची गाठ पडली नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशी. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित 1848 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले होते आणि षड्दर्शनांचं खंडन करणारा ग्रंथ त्यांच्या नावावर होता. दोघंही शास्त्रार्थात मुरलेली. पुढच्या वर्षी रमाबाई इंग्लंडला गेल्या, गोऱ्ह्यांचं लेखन तिथेही पोहोचलं आणि 1883 च्या सप्टेंबरमध्ये वाँटेज इथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात संतापाची लाट उसळली. धर्मांतराचा हिशेब मांडण्यात दोन्ही बाजू इतक्या गुंतल्या, की रमाबाईंना मुळात कोणता प्रश्न छळत होता, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

भार कुणावर टाकायचा, हा तो प्रश्न बायबलइतकाच जुना आहे. यशया संदेष्टा एका सुताराचं चित्र उभं करतो. हा सुतार एकाच झाडाच्या अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्यालाच संकटातून सोडवायला सांगतो. दुसऱ्या ठिकाणी बाबिलोनचे देव जनावरांच्या पाठीवर लादून नेले जातात आणि त्या ओझ्यानं जनावरं वाकतात. इस्राएलचा देव मात्र आपल्या लोकांना जन्मापासून केस पिकेपर्यंत स्वतः उचलून नेतो. कोण कुणाला वाहून नेतं, ही यशयाची कसोटी आहे.

शेजाऱ्याच्या पूजेचं हे चित्र न्याय्य आहे का? पूर्णपणे नाही. सारसबागेतल्या गणपतीपुढे हात जोडणाऱ्याला देव दगडात संपत नाही हे ठाऊक असतं. दहा दिवस पूजलेली मूर्ती तो स्वतःच्या हातानं पाण्यात सोडतो. बायबलची टीका जशीच्या तशी उचलून पुण्याच्या देवळांवर फेकणाऱ्या मिशनऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं होतं. शिवाय संदेष्ट्यांचा सर्वांत कठोर शब्द परक्यांसाठी नव्हताच. मोशेनं देवाच्या आज्ञेवरून केलेल्या पितळी सर्पाला लोक धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजानं तो पवित्र वारसा फोडून टाकला. यिर्मया तर खुद्द यरुशलेमच्या मंदिराच्या दारात उभा राहिला. हे मंदिर आपल्याला वाचवेल या भ्रमात राहू नका, असं त्यानं बजावलं. इ.स.पूर्व 586 मध्ये ते मंदिर जळालं. खऱ्या देवाचं खरं मंदिरही मूर्ती होऊ शकतं, हे बायबलचं सांगणं चर्चच्या भिंतींनाही लागू आहे.

रमाबाईंना हे पुस्तकातून कळलं नव्हतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक होते. कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत दक्षिणेत फिरत असे. 1874 च्या सुमारास दुष्काळानं गाठलं. अंगमेहनतीचं काम या घराला माहीत नव्हतं, भीक मागणं लाजिरवाणं. म्हणून देव प्रसन्न व्हावा यासाठी होतं ते सारं दान केलं, व्रतं केली, पवित्र कुंडांत स्नानं केली. पैसा संपला, भांडी विकली. शेवटी ही मंडळी मरायला रानात शिरली आणि अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजुरांवर राहिली. वडिलांनी जलसमाधीची तयारी केली, तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मोलमजुरी करतो. वडील आणि आई दोघंही पुढे थोड्या काळात गेली. हे सारं रमाबाईंनी 1907 मध्ये आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलं.

इथे वाचकाच्या मनात रास्त शंका येते. अनंतशास्त्री निराकार देवाची प्रार्थना करत असते, तर भाकरी मिळाली असती का? नसती. 1876 ते 78 च्या दुष्काळात ख्रिस्ती माणसंही मेली. फरक फळात शोधला तर बायबलचा देव आणि मूर्ती यांत काहीच फरक सापडणार नाही. फरक आहे तो नात्यात. मी इतकं दिलं, आता तू इतकं दे, असा सौदा ज्याच्याशी होतो तो बायबलच्या दृष्टीनं मूर्तीच, मग त्याला आकार असो वा नसो. दानीएलच्या पुस्तकातले तीन तरुण भट्टीसमोर राजाला सांगतात, की आमचा देव वाचवू शकतो, पण त्यानं नाही वाचवलं तरी आम्ही तुझ्या सोन्याच्या पुतळ्याला नमणार नाही. एवढ्या एका ‘तरी’वर हा सगळा विश्वास उभा आहे.

रमाबाई पुढे याच कसोटीवर जगल्या आणि तिची धार त्यांच्या नव्या धर्मबंधूंनाही लागली. इंग्लंडमध्ये त्यांनी मुलग्यांना शिकवू नये असा बिशपांचा आग्रह होता. तेव्हा त्यांनी आपल्या आध्यात्मिक माता सिस्टर जेराल्डीन यांना खडसावून लिहिलं. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं 1977 मध्ये प्रसिद्ध केला. तो वाचताना जाणवतं, की एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटलेली ही बाई दुसऱ्याच्या हाती सदसद्विवेक द्यायला अजिबात तयार नव्हती.

मग पैशाचा प्रश्न आला. मायदेशी परतून रमाबाईंनी काढलेल्या शारदा सदन या संस्थेला अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशननं दिलेली दहा वर्षांची हमी 1898 मध्ये संपली. तोवर दुष्काळातून आणलेल्या मुलींनी पुण्याजवळच्या केडगावातलं त्यांचं मुक्ती मिशन भरत चाललं होतं. 1900 च्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. ठरलेलं उत्पन्न नाही, प्रार्थनेवर भिस्त. पण हात जोडून बसणं नाही. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. रानात श्रीनिवासनं उच्चारलेला मजुरीचा निश्चय बहिणीनं असा शेकडो हातांत पोहोचवला.

पदरी पडलं ते नेहमी सुख नव्हतं. संस्थेचा भार पुढे वाहील असं जिच्याकडे पाहून वाटायचं, ती मनोरमा 1921 मध्ये गेली. आईनं हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचं निधन झालं, तोवर ते काम पुरं होत आलं होतं.

आत्मकथनातला एक प्रसंग मात्र या सगळ्या विवेचनाला छेद देतो, आणि तोच सर्वांत मोलाचा आहे. मरणाआधी अंध वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन सांगितलं, की मी तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, तू त्याचीच आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. त्या क्षणी त्यांच्याकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि त्यांनी बदल्यात काही मागितलंही नाही. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाईंनी हे बोल टाकले नाहीत. आपल्या वडिलांची ती प्रार्थना देवानं ऐकली, असंच त्या मानत राहिल्या.