उत्सवाची तिथि

आपल्या गांवाचा पूर्वेतिहास गोळा करावा, त्यासाठीं एखादें मंडळ स्थापावें, आणि त्या मंडळाच्या विद्यमानें वर्षांतून एकदां गांवच्या वारशाचा उत्सव करावा, ही इच्छा अलीकडे लहान गांवांतूनही दिसूं लागली आहे. इच्छा स्तुत्य आहे याबद्दल दुमत होण्याचें कारण नाहीं. परंतु इतिहास आणि उत्सव यांच्या प्रकृति भिन्न आहेत. इतिहास शंका घेतो, उत्सवाला शंका खपत नाहीं. इतिहासाला पुरावा लागतो, उत्सवाला गर्दी. या दोघांना एका घरांत नांदवावयाचें तर कोणीं कोणाचें ऐकावें, हा प्रश्न नुसत्या व्यवस्थेचा नाहीं, नीतीचा आहे. आणि त्याचा विचार उत्सवाच्या तिथीपासून आरंभणें सोयीचें होईल.

फ्रेंच पंडित रेनाँ यानें १८८२ सालीं पॅरिस येथें दिलेल्या एका प्रसिद्ध व्याख्यानांत असें प्रतिपादन केलें कीं, राष्ट्र घडण्यास विस्मृति, किंबहुना ऐतिहासिक प्रमादही, साह्यकारी होतो. आणि म्हणून संशोधनाची प्रगति राष्ट्रभावनेस पुष्कळदां विघातक ठरते. हें खरें मानिलें तर उत्सव करणाऱ्यांनीं संशोधकाला दारांतही उभें करूं नये. पण महाराष्ट्राचा अनुभव निराळा आहे. लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें १८९६ सालीं रायगडावर शिवोत्सव झाला. त्या काळीं महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेस, म्हणजे १६२७ सालीं, झाला असें सामान्यतः समजत. पुढें कारी येथील जेधे देशमुखांच्या घरची शकावली उजेडांत आली. तींत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथि निघाली. अंतर जवळजवळ तीन वर्षांचें! ही शकावली १९१६ सालीं प्रसिद्ध करणारे गृहस्थ दुसरेतिसरे कोणी नसून स्वतः टिळकच होते. १९२७ सालीं छापून निघालेल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’नेंही त्याच तिथीस दुजोरा दिला. वाद पुढें कित्येक दशकें चालला. राज्यशासनानें ती तारीख अधिकृतपणें स्वीकारावयास एकविसावें शतक उजाडावें लागलें. मात्र तारीख बदलल्यामुळें महाराजांवरची भक्ति तिळमात्र उणी झाली, असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. जी श्रद्धा एका जुन्या कागदानें ढळेल तिला श्रद्धा म्हणण्यापेक्षां संवय म्हणणें अधिक बरें.

यावरून पहिला नियम निघतो. गत माणसांविषयींचें सत्य आपल्या सोयीनें ठरविण्याचा अधिकार जिवंतांस नाहीं. मृताला आपली बाजू मांडतां येत नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें खोटें बोलणें हें त्याची निंदा करण्याइतकेंच दोषास्पद होय, मग तें खोटें स्तुतीचें कां असेना.

आतां हा नियम शिरूर कासारास लावून पाहूं. बीड जिल्ह्यांतील सिंदफणेच्या कांठचें हें गांव आज तालुक्याचें ठिकाण आहे. महाराष्ट्रांत शिरुरें पुष्कळ. एक घोडनदीचें, एक अनंतपाळ, एक ताजबंद. या शिरुरानें ओळखीसाठीं जें उपपद घेतलें तें तांब्यापितळेचीं भांडीं करणाऱ्या नि बांगड्या भरणाऱ्या कासाराचें. राजाचें नांव नाहीं, सरदाराचें नाहीं, कारागिराचें! अशा गांवानें उत्सवाच्या हौसेपोटीं न घडलेल्या लढाया आणि न झालेले वीर शोधीत बसावें, यासारखी विपरीत गोष्ट नाहीं. येथील मंडळाचें पहिलें काम मिरवणुकीचें नव्हे, कागदांचें आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. तेव्हां येथील दप्तर वाचावयास मोडीबरोबर उर्दूचीही गांठ घालावी लागेल. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’ याचा पहिला खंड काढला तो लोकांच्या माळ्यांवरचीं दप्तरें झाडून. मंडप घालून नव्हे. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ त्यानंतर बारा वर्षांनीं, १९१० सालीं, निघालें. आधीं कागद, मग मंडळ, असा तो क्रम होता.

परंतु एवढ्यानें काम भागत नाहीं. मृतांस सत्य दिलें, तरी जिवंतांचें देणें उरतेंच. शिरूर तालुक्यांतील कितीतरी कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर जातात, आणि गुढीपाडव्याच्या मागेंपुढें परततात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, टोळीबरोबर निघावयाचें, फडाजवळ कोपी घालून राहावयाचें, असा हा क्रम. मुकादमाच्या हिशेबांत नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसें मिळून एक हत्यार! आतां मंडळानें आपला उत्सव पौष-माघांत ठेविला, तर हवा थंड, पाहुण्यांस प्रवास सुखाचा, वर्गणीसही दिवस बरे. फक्त ज्यांचा वारसा त्यांच्या घरांना कुलपें असतील. वर्षे लोटल्यावर तोच कोयता कांचेच्या पेटींत ठेवून त्याखालीं ‘आमचा वारसा’ अशी चिठ्ठी लावणें सोपें आहे. तो ज्यांच्या हातांत आज आहे त्यांना पंक्तींत बसविणें अवघड.

यावर कोणी म्हणेल कीं, खुद्द शिवजयंतीची तारीखही तोडणीच्या हंगामांतच येते, मग ती बदलावी काय? नाहीं. जन्मतिथि पुराव्यानें ठरते; ती कोणाच्याही सोयीसाठीं हालत नाहीं. पण गांवाच्या वारशाच्या उत्सवास अशी कोणती जन्मतिथि आहे? ती आपणच नेमावयाची. आणि जी आपण नेमतों तिच्याबद्दल आपण उत्तरदायी आहों. आपल्याकडील कितीतरी गांवांच्या जत्रा चैत्र-वैशाखांत, शेतें मोकळीं झाल्यावर, भरतात, यांत पूर्वजांचें शहाणपणच दिसतें. ऊन कडक असतें खरें, पण माणसें घरीं असतात.

तेव्हां इतिहासमंडळानें उत्सव अवश्य करावा. मात्र दोन तिथींचा घोटाळा करूं नये. जी तिथि गेलेल्यांची आहे ती कागदास विचारावी, आणि जी असलेल्यांची आहे ती पाडव्याला परतणाऱ्या बैलगाड्यांस नि ट्रकांस विचारावी. कासारांचें नांव गांवाला देतांना कोणींतरी कारागिराची आठवण ठेविली होती. तितकी आठवण आजच्या श्रमकऱ्यांची ठेवणें हें त्या नांवाचें ऋण आहे, आणि तें फेडण्यास चैत्राचें ऊन सोसावें लागलें तर तें सोसावें.