सावड आणि अभंग

पूर्वी पेरणीच्या दिवसांत एकाच्या रानात चार घरची औते उतरत. आज तुमचे रान, उद्या माझे. पैसा नाही, हिशेब मनातला. याला सावड म्हणत. वारकऱ्यांचा अभंग मला याच कुळातला वाटतो. बुवा चरण टाकतात, टाळकरी तो उचलतात. एकट्याने म्हटलेला अभंग अर्धाच राहतो.

म्हणूनच बा. सी. मर्ढेकरांपाशी मी थांबतो. त्यांच्या 'काही कविता' १९४७ साली निघाल्या. विषय यंत्रयुगाचा, गर्दीत एकट्या पडलेल्या माणसाचा. छंद मात्र पुष्कळ ठिकाणी ओवी-अभंगाचा. कोणी याला संतांच्या छंदाचा उपमर्द म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्याच्या मागे टाळकरी उरला नाही, तो टाळकऱ्यांचाच छंद धरून बसला, यात मला आर्तता दिसते.

पण गावात सगळे गोडच होते असे समजून शहराला नावे ठेवू नयेत, माउली. महात्मा फुल्यांचा १८८३ सालचा 'शेतकऱ्याचा असूड' वाचा. कुळकर्णी, सावकार, कोर्टकचेरी आणि धर्माच्या नावाने होणारी लूट, यांत कुणबी कसा नागवला गेला ते त्यात आहे. फुल्यांनीही अभंगाच्या वळणाने पद्ये रचली, त्यांना 'अखंड' म्हटले. खळ्यावर बलुतेदारांना वाटा मिळे खरा. पण कोणी कुठे उभे राहून तो घ्यायचा हे जातीने ठरलेले. सावड सगळ्यांशी नव्हती. कीर्तनात हे फारसे निघत नाही.

आता दावणीचे बैल गेले, ट्रॅक्टर भाड्याने येतो आणि कर्ज ज्याचे त्याचे. कुणी गळफास घेतला की शेजारी म्हणतो, काल तर बरा बोलत होता. मर्ढेकरांचे ते एकटेपण बांधावर येऊन पोचले आहे. त्यांची कविता आपल्या माणसांना आता परकी वाटू नये.

मग निरूपण कशाचे करावे? तुकोबारायांनी घरच्या सावकारीची निम्मी खते धाकट्या भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. आपण हा प्रसंग वैराग्याचा म्हणून लावतो, आणि तो तसा आहेच. पण ज्यांच्या नावाची ती खते होती, त्या घरांत त्या रात्री चूल कशी पेटली असेल, यावर एकदा बोलून पाहा. समोरच्या बैठकीत एखादा तरी मान खाली घालून ऐकत असतो.