सोय आणि संमती

कोणत्याही मंडळाने आपल्या कामासाठी एखादे साधन निवडावयाचे म्हटले म्हणजे ते स्वस्त आहे की महाग, सोपे आहे की अवघड, एवढाच विचार बहुधा होतो. मंडळाचे दप्तर कोणत्या वहीत ठेवावे यात नीतीचा प्रश्न तो काय असणार, असे कोणीही सहज म्हणेल. आमचे मत निराळे आहे. वही कपाटात मुकाट्याने पडून राहते. परंतु आजची काही साधने माणसांविषयी माहिती मागतात, ती दूर कोठेतरी साठवितात आणि मंडळात कोणी कोणास काय कळवावे याची रीतही ठरवून देतात. असे साधन निवडणे म्हणजे काही अंशी मंडळाची घटनाच लिहिणे होय. हौशी खेळाडूंच्या संघाने आपल्या व्यवस्थेसाठी मोबाइलवरील एखादे ॲप निवडणे, या साध्या प्रसंगाच्या आधाराने या प्रश्नाचा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

उदाहरण गोमंतकातीलच घेऊ. फुटबॉल हा २०१२ पासून येथील राज्याचा खेळ आहे, आणि क्रिकेटची हौसही थोडी नाही. भातकापणी आटोपली आणि वायंगणाचे पीक नसले, म्हणजे गावोगावी शेतमळेच मैदान होतात. अशा एखाद्या गावच्या संघाची कल्पना करावी. त्यात कचेरीतील कारकून असतो, बसचा चालक असतो, अकरावीत शिकणारा मुलगा असतो आणि पन्नाशी उलटली तरी यष्ट्यांमागे उभा राहणारा एखादा जुना खेळाडूही असतो. कोणास वेतन नाही, कोणाशी करार नाही. पूर्वी कप्तान किंवा त्याचा एखादा उत्साही सोबती संध्याकाळी दारोदार फिरून ‘आयतारा येतलो मरे?’ एवढे विचारीत असे, आणि मिळालेल्या उत्तरावर संघ उभा राहत असे.

ही जुनी रीत आम्ही उगाच डोक्यावर घेणार नाही. तिच्यात कप्तानाच्या मर्जीस फार वाव होता. कोणास निरोप पोहोचला आणि कोणास पोहोचला नाही, वर्गणी कोणी दिली, चेंडूंना किती खर्च झाला, या सर्व गोष्टी एकाच माणसाच्या स्मरणावर अवलंबून असत. शिवाय फिरण्याचे आणि आठवण देण्याचे ओझे वर्षानुवर्षे एकाच भल्या माणसाच्या माथी बसे, आणि त्याचे आभारही कोणी मानीत नसे. अमेरिकेतील टीमस्नॅप, नॉर्वेतील स्पाँड यांसारखी ॲपे हीच कामे करण्यासाठी निघाली आहेत. सामन्याची वेळ सर्वांस एकदम कळते, कोण येणार हे प्रत्येकजण स्वतः नोंदवितो आणि वर्गणीचा हिशेब राहतो. आपल्या देशातील क्रिकहीरोज या ॲपवर तर गल्लीतल्या सामन्याचाही चेंडूगणिक धावफलक लिहिता येतो. नोंद सर्वांसमोर आली म्हणजे पक्षपातास जागा कमी उरते. हा लाभ नीतीच्या दृष्टीनेही लहान नव्हे.

मग अडचण कोठे आहे? संघाचे काही निर्णय सर्वांच्या सामाईक गोष्टींसंबंधी असतात. सराव सकाळी सहाला करावा की सातला, सदरा निळा असावा की पिवळा, हे बहुमताने ठरावे आणि अल्पमताने ते मान्य करावे. त्यावाचून कोणतेही मंडळ चालणार नाही. परंतु एखाद्याचा दूरध्वनी क्रमांक, त्याची जन्मतारीख, त्याच्या मुलाचे छायाचित्र, तो या घटकेस कोठे आहे, या गोष्टी संघाच्या नव्हेतच. त्या त्या माणसाच्या आहेत. पंधरांपैकी चौदा जणांनी हात वर केले म्हणून पंधराव्याच्या खिशातील वस्तूवर त्यांचा हक्क उत्पन्न होत नाही. ॲप निवडताना या दोन प्रकारच्या निर्णयांची सरमिसळ होते. ठराव दिसतो वेळापत्रकाचा, आणि त्याच्या पोटात दिली जाते ती प्रत्येकाची खाजगी माहिती.

यावर नेहमीचे उत्तर असे की, ‘कोणावर सक्ती नाही, ज्यास नको असेल त्याने संघात राहू नये.’ वकिलीच्या धंद्यात असलेल्या माणसास हे उत्तर फार ओळखीचे वाटते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने संमती आणि स्वतंत्र संमती यांत भेद केला आहे. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजविण्याच्या स्थितीत असेल आणि त्या स्थितीचा त्याने गैरफायदा घेतला असेल, तर दिलेला होकार खरा होकार मानला जात नाही. खेळाच्या मैदानावर कोणी कोणाचा धनी नसतो हे खरे. तथापि ज्या सवंगड्यांत बारा वर्षे घालविली त्यांना सोडण्याची धास्ती हीदेखील एक सत्ताच आहे. ‘होय म्हण, नाहीतर जा’ असे ऐकून जो होय म्हणतो, त्याने संमती दिली असे म्हणण्यापेक्षा त्याचा निरुपाय झाला असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने चालला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. पुढे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत झाला. त्याखालील नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात याव्यात अशी योजना आहे. संमती मोकळी, विशिष्ट, जाणून दिलेली आणि विनाअट असावी, ती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी, ही त्यातील तत्त्वे आहेत. वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी एखाद्याने वापरलेल्या माहितीस मात्र हा अधिनियम लागू नाही, आणि गावच्या संघाचा कप्तान कदाचित याच अपवादाचा आसरा घेऊ शकेल. पण कायद्याचा हात कप्तानापर्यंत पोहोचला नाही, म्हणून अकरावीतल्या मुलाच्या आईबापांना विचारण्याचे त्याचे कर्तव्य संपते काय? कायदा किमान मर्यादा आखून देतो. सज्जनाने तेथेच थांबावे असे तो कधीच सांगत नाही.

वर्गणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. अशा साधनांत कोणी पैसे भरले आणि कोणाचे थकले, ही यादी सर्वांस दिसेल अशी ठेवणे पुष्कळदा सहज शक्य असते. हिशेब उघडा असावा हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. देवळाच्या उत्सवाचा जमाखर्च महाजनांपुढे वाचला जातो तो याचसाठी. तथापि जमाखर्च उघडा करणे वेगळे आणि माणसाची अडचण उघडी करणे वेगळे. आपल्या परंपरेत गुप्तदानाला मोठा मान आहे. देणाऱ्याने नाव झाकावे असे जो समाज मानतो, त्याने न देऊ शकणाऱ्याचे नाव फलकावर लावावे, हे सुसंगत दिसत नाही. त्या महिन्यात बसचालकाच्या घरी आजारपण असेल. एकूण जमा किती आणि खर्च किती हे सर्वांनी पाहावे. बाकी कोणाची आहे हे खजिनदाराने जाणावे आणि त्यालाच एकांतात विचारावे.

राहता राहिला तो जुना यष्टीरक्षक. त्याच्याजवळ साधा फोन आहे आणि नवा घेण्याची त्याला इच्छा नाही. ॲपवर ज्याचे नाव नाही तो येणार नाही असे गृहीत धरले, की चार रविवारांत तो संघाबाहेर जातो. त्याला कोणी काढले नाही, कोणी ठराव केला नाही, कोणाच्या मनातही ते नव्हते. आम्हांस हाच या विषयाचा गाभा वाटतो. साधनाने केलेल्या अन्यायास कर्ता सापडत नाही, आणि कर्ता सापडत नाही म्हणून कोणास लाजही वाटत नाही. तेव्हा ती जबाबदारी साधन निवडणाऱ्यांनी आधीच आपल्या शिरावर घेतली पाहिजे.

एवढा काथ्याकूट केला तर रविवारचा खेळच राहून जाईल, असा आक्षेप कोणी घेईल. पण यासाठी लागणारा वेळ एका षटकाहून फार नाही. निवडीपूर्वी सर्वांस एकत्र बसवून चार गोष्टी विचाराव्यात. ज्या माहितीवाचून सामना अडणार नाही, ती या साधनास न देता काम चालते काय? अज्ञान मुलांच्या पालकांस कळविले आहे काय? संघ सोडणाऱ्याची नोंद पुसता येते काय? आणि ज्यास हे साधन नको असेल त्याला निरोप देण्यास कोण तयार आहे? चौथ्या प्रश्नाला एखाद्याने हात वर केला, तर ॲप खुशाल घ्यावे. कोणीच हात वर केला नाही, तर वेळापत्रकापुरता फलक देवळाजवळच्या पारावर लावावा आणि आणखी काही दिवस थांबावे.

हौशी संघ हा स्वखुशीने एकत्र आलेल्या माणसांचा असतो, आणि ही स्वखुशी हेच त्याचे एकमेव भांडवल आहे. सोयीसाठी ते भांडवल मोडणे हा तोट्याचा व्यवहार होय. पंधरा जणांची खरी संमती मिळविण्यास एखादा रविवार अधिक गेला, तरी तो खेळाच्याच हिशेबात धरावा, असे आम्हांस वाटते.